सदाफुली, कळलावी आणि पेशीतला पंप

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या पंचवटीतल्या अंगणात तुळशीशेजारी सदाफुली फुललीय. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात ते व्हिन्क्रिस्टिन हिच्यातूनच मिळालं. पण काही रुग्णांत पहिले डोस छान लागू पडतात, गाठ उतरते, आणि पुढे तेच औषध पाण्यासारखं वाया जातं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदारांना याचं नवल वाटणार नाही. द्राक्षावरच्या केवडा रोगावर एकच औषध मारत राहिलं की ते चालेनासं होतं, मग दुसऱ्या गटातलं मारायचं. इथे मात्र पंचाईत अशी, की ज्या औषधाशी पेशीची कधी गाठही पडली नाही, तेही कधीकधी चालत नाही.

याचा धागा १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांना हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत सापडला. त्या पेशी कोल्चिसिनला सरावलेल्या होत्या. कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीच्या कंदातलं विष. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला तिची लाल-पिवळी फुलं पाहिली असतील तुम्ही. या पेशींच्या पातळ आवरणात एक प्रथिन भरपूर होतं. नाव पडलं पी-ग्लायकोप्रोटीन.

माणसातलं हे प्रथिन म्हणजे १२८० अमिनो आम्लांची माळ, आवरणातून १२ वेळा आरपार गेलेली. गोदेला पूर आला की सराफ बाजारातले दुकानदार पंप लावून पाणी उपसतात ना, तसंच हे औषध उपसतं. वीज एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची. पोकळीचं तोंड आधी आत उघडं असतं. औषध त्यात अडकलं की तोंड बाहेरच्या बाजूला वळतं आणि औषध पेशीबाहेर. व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधांच्या रचनेत एकमेकांशी काही साम्य नाही, तरी याला तिन्ही चालतात. चवीचा असा बेफिकीर पंप विरळाच!

मग बंद करा की तो! १९८१ साली रक्तदाबाच्या व्हेरापामिलने प्रयोगशाळेतल्या पेशींत ते जमलंही. रुग्णांत मात्र तेवढा डोस हृदयाला झेपेना. पुढे आणखी औषधं आली, तीही फारशी टिकली नाहीत.

कारण हा पंप आपल्या आतड्यात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही पहारा देतो. १९९४ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी हा पंप नसलेले उंदीर तयार केले. उंदीर ठणठणीत होते. मग त्यांना किडे झाले, म्हणून नेहमीचं आयव्हरमेक्टिन फवारलं. आपल्याकडे गाई-म्हशींना गोचिडांसाठी देतात, तेच. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेल्यांच्या थेट मेंदूत औषध शिरलं, आणि ते मेले.