तिजोरीतलं सॉफ्टवेअर

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘विकसनशील देशांतील संगणक व परवानाधारक सॉफ्टवेअरची विक्री’. मी कणकवलीत दुकान चालवलं, देश चालवला नाही. तेव्हा माझा विकसनशील देश कासार्ड्यापासून ओरोसपर्यंत. त्यापलीकडचं गिऱ्हाईक आलं की मी परराष्ट्र धोरण लावायचो, म्हणजे रोख.

माझं म्हणणं असं की परवान्याचा भाव गिऱ्हाइकाची ऐपत आणि हंगाम बघून लावला असता, तर आपल्याकडची बरीचशी चोरी झालीच नसती. ते पटवायला मला पाऊण तास दिलाय. पण आधी डोंगलची गोष्ट. ती तुमच्यातल्या अर्ध्यांना माहीत आहे आणि उरलेल्यांना चुकीची माहीत आहे.

तरुण मुलांसाठी सांगतो. तेव्हा महाग सॉफ्टवेअरच्या सीडीसोबत एक छोटी डबी यायची, तोच डोंगल. ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायची आणि प्रिंटरची वायर तिच्यात लावायची. डबी जागेवर असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार. सीडीच्या प्रती कितीही वाटा, कुलूप एकच.

इथल्या एका पतसंस्थेला मी असं हिशेबाचं सॉफ्टवेअर विकलं. बिल बघून अध्यक्ष म्हणाले, ‘मेल्या, ह्या डबयेचे एवढे पैशे? आत सोना आसा की काय?’ मी म्हटलं, अण्णा, सोन्यासारखीच जपा, हरवली तर दुसरी मिळायची नाही. त्यांनी ते अगदी मनावर घेतलं. रोज संध्याकाळी सोनेतारणाचे दागिने तिजोरीत जायचे, त्यांच्याबरोबर डबी. तिजोरीला दोन किल्ल्या लागायच्या, त्यातली एक सचिवांकडे. गणपतीत सचिव वैभववाडीला घरी गेले की सोनेतारण बंद आणि संगणकही बंद. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असता तर बरं झालं असतं, असं क्लार्क मला खासगीत म्हणायचा.

मग एका मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि टेलिफोनच्या तारेतून वीज आत शिरली. मोडेम गेला, मदरबोर्ड गेला, डबीही गेली. भर दुपार होती, म्हणून ती नेमकी तिजोरीबाहेर. मदरबोर्ड मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला, रातराणीने आला. डबीसाठी कंपनीला फोन केला. नाव घेत नाही, त्यांचे वकील अजून धडधाकट आहेत. ते म्हणाले, जळकी डबी पाठवा, तपासू. पाठवली. उत्तर आलं की विजेने जळणं हमीत बसत नाही. डबी म्हणजेच परवाना, तेव्हा नवी हवी तर पूर्ण किंमत भरा.

आता गंमत बघा. त्याच गल्लीत आंब्याच्या लाकडी पेट्या करणारा एक वखारवाला होता. त्याच्याकडे तेच सॉफ्टवेअर, कुलूप फोडलेलं, कुणीतरी मुंबईहून आणून दिलेलं. वीज पडो, सचिव गावाला जावोत, त्याचं चालूच. अध्यक्ष मला म्हणाले, ‘पैशे आमी भरले, आनि चलता ता तेच्याकडे?’ ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वकील मंडळी मान हलवतायत, मला माहीत आहे. 1984 च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात आले. नंतर कलम 63 ब आलं: चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. प्रोग्रॅम खराब झाला तर हाताशी असावी म्हणून राखीव प्रत काढायची मुभाही त्याच कायद्यात आहे. प्रत काढाल हो, पण कुलपाची प्रत कुठून काढणार?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

भाव एकच ठेवला की आपल्याकडे तो अंगावर येतो, हे मायक्रोसॉफ्टलाही कळलं होतं. 2004 पासून थायलंड, मलेशिया, इंडोनेशियात आणि 2005 मध्ये हिंदीतून आपल्याकडे त्यांनी विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती आणली. स्वस्त होती, पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे. चोरीचा पूर्ण मिळत असताना विकतचा अर्धा कोण घेणार? आणि 1998 मध्ये बिल गेट्स चीनबद्दल बोलताना म्हणाले होतेच की लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, पुढे वसुलीचं बघू. म्हणजे पेरणी कंपनीची आणि छापा दुकानदारावर.

विंडोजऐवजी फुकटातल्या लिनक्सचं काय, हे कुणीतरी विचारणारच. केरळने शाळांत ते करून दाखवलं. आपण एमएस-सीआयटीत पोरांना विंडोज शिकवलं, मग पोरं दुकानात तेच मागणार.

उधारीचा मुद्दा राहिला. पुण्याच्या क्विक हील ह्या अँटीव्हायरस कंपनीचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत वर आले, त्यांना छोटा दुकानदार कळला. डबा दुकानात, ओळखीच्या माणसाच्या हातात, वर्षाने नूतनीकरण. परदेशी कंपन्यांना बागायतदार कधी कळलाच नाही. खतवाला त्याला आंबा उतरेपर्यंत थांबतो. परवान्याचे पैसे मात्र आज, किंवा आताच्या पद्धतीने दर महिन्याला कार्डावरून. पावसाळ्यात कार्डावर असतं काय?

वखारवाल्याचं सांगायचं राहिलं. त्याने शेवटी परवाना घेतला. 1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात व्हॅट आला, आणि फोडलेल्या प्रतीत व्हॅटचे तक्ते निघेनात. कलम 63 ब त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. माझ्याकडून बिल केलं एप्रिलमध्ये. पैसे दिले जूनमध्ये, बागायतदारांनी त्याच्या पेट्यांचे चुकते केल्यावर. कंपनीला मी ते माझ्या खिशातून आधीच भरले होते.