भोंगा, शेकोटी आणि पावणेआठ

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी वाजंत्र्यांच्या नावांविषयी बोलणार आहे. आधार कार्डावरच्या नावांविषयी नव्हे, ताफ्यात पडलेल्या नावांविषयी.

आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर महाराजांच्या कृपेनं घराघरात एक सिद्धाराम, एक सिद्धप्पा, एक सिद्धू असतोच. बाळीवेशीत उभं राहून "ए सिद्धू" अशी हाक मारा, चार माना वळतात. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघालेत, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी रस्ता भरलाय, हलगी कडाडतेय, अशा वेळी नेमका आपला सिद्धू कसा बोलवायचा? म्हणून आमच्या ताफ्यात एक 'दोड्ड' होता आणि एक 'सण्ण'. कानडीत थोरला आणि धाकटा. गंमत अशी की सण्ण अंगानं दोड्डच्या दुप्पट होता. पण तो ताफ्यात मागून आला, म्हणून सण्ण. मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी, ज्या भाषेत नाव चपखल बसेल ती भाषा आमची.

ही झाली ओळखीपुरती नावं. खरी नावं पडतात ती हातावरून. ऐका हं, नाव हातावरून पडतं, अंगावरून नाही. कोण काळा, कोण बुटका, कोण तिरळा, यावरून ताफ्यात नाव ठेवायचं नाही, हा आमच्या मामांचा दंडक होता. मामा म्हणजे आमचे सनईवाले, ताफ्याचे म्होरके. आणि जातीवरून तर नाहीच नाही. हलगीला 'डफडं' म्हणून नाक मुरडणारा माणूस कितीही मोठा असो, मामा त्याची सुपारी घेत नसत.

तर हातावरून. आमचा झांजवाला होता 'पावणेआठ'. केरवा ताल आठ मात्रांचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. गडी चांगला, पण आठवी मात्रा पुरी व्हायच्या आत त्याची झांज वाजायची. घाईच फार. मामा एकदा मागं न बघता म्हणाले, "काय बे, पावणेआठलाच गाडी सोडतो का?" झालं, नाव पडलं. पुढं त्याची झांज घड्याळासारखी नेमकी झाली, पण नाव काही गेलं नाही.

हलगीवाला 'शेकोटी'. हलगीचं कातडं सैल पडलं की विस्तवावर धरून तापवावं लागतं. पाचट पेटवायचं, हलगी वर धरून फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायची. टण्ण वाजलं की तयार. शेकोटीचं समाधानच व्हायचं नाही. नवरदेव घोड्यावर बसला तरी हा जाळाजवळ, कान कातड्याला लावून. पण एकदा का त्यानं टिपरू उचललं की पेठेतल्या म्हाताऱ्या दारात यायच्या. आता बाजारात प्लॅस्टिकच्या पानाची हलगी मिळते, तिला शेकावं लागत नाही. मला ती बिलकूल पटत नाही. पावसात भिजत नाही हे खरं, पण तिच्यातून आवाज निघतो तो डब्याचा, हलगीचा नव्हे.

या नावांना कमी लेखू नका. मेहबूब हुसेन पटेल म्हटलं तर किती जण ओळखतील? अमर शेख म्हणा, 1916 साली बार्शीत जन्मलेला तो शाहीर आवाजासकट डोळ्यांपुढं उभा राहतो. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणा, कुणी वळून बघणार नाही. पठ्ठे बापूराव म्हणा, बस्स.

आता ज्याच्यासाठी मी आज आलोय, त्या माणसाकडं येतो. आमचा 'भोंगा'.

सनईच्या ताफ्यात एक जण सूर धरतो. त्याच्या वाद्यातून एकच स्वर निघतो, सा. मामा यमन वाजवोत नाहीतर भैरवी, याचा सा अखंड. श्वास घ्यायला थांबायचं नाही. गालात हवा साठवायची, ती गालानं ढकलत असतानाच नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. भोंगा हे शिकला पपईच्या पानाच्या पोकळ देठावर. देठाचं एक टोक तोंडात, दुसरं तांब्यातल्या पाण्यात, आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबले की श्वास तुटला. मग पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः त्याच्या शेजारी बसून हे केलंय. दोन दिवस जबडा दुखतो, भाकरी चावत नाही.

भोंग्याचे वडील गिरणीत होते. त्या काळी सोलापूर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. शाळेची वेळ, दुधाची वेळ, सगळं भोंग्यावर. पुढं गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. आणि हा पोरगा एकच स्वर तासन् तास लावून बसायचा. त्याचं नाव दुसरं काय पडणार? ताफ्यात त्याची रोज थट्टा. "भोंगा झाला, चला कामावर." "का बे भोंग्या, आज कुठली पाळी?" तो हसायचा. उलट बोलायचा नाही.

तर मोहोळकडच्या एका गावात लग्न होतं. गोरज मुहूर्त, पण परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघेपर्यंतच अंधार पडला. लोडशेडिंगचे दिवस. मारुतीच्या देवळापासून मांडव लांब, मधे ओढा. जनरेटर होता, त्यानं दोनदा धूर सोडला आणि गप्प झाला. सगळीकडं मिट्ट काळोख. त्यात घोडं बुजलं, मामांना धक्का बसला आणि सनईची पत्ती चिरली. नवी पत्ती पिशवीत, पिशवी टेम्पोत, टेम्पो मांडवापाशी. सनई थांबली म्हणून संबळ थांबला, झांज थांबली. शेकोटी त्याच्या सवयीप्रमाणं मागं कुठंतरी जाळ शोधत होता.

सगळं थांबलं, फक्त सूर थांबला नाही.

कारण आमच्यात नियम होता. मामांचा हात खांद्यावर पडेपर्यंत सूरवाल्यानं थांबायचं नाही. परत सांगतो, मामांचा हात खांद्यावर पडेपर्यंत थांबायचं नाही. त्या गडबडीत मामा हात ठेवायचं विसरले. भोंग्यानं सा धरलेलाच.

निम्मं वऱ्हाड पुढं गेलेलं, ते अंधारात वाट चुकून उसाच्या फडाकडं वळलं होतं. पोरं रडतायत, बाया एकमेकींना हाका मारतायत. तेवढ्यात तिकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. तिचं आयुष्य सोलापुरात गिरणीच्या चाळीत गेलेलं, हे आम्हाला नंतर कळलं. ती ओरडली, "आगं, भोंगा वाजतुया! भोंग्याकडं चला!"

श्रोतेहो, त्या बाईला आमच्या ताफ्यातलं नाव ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. आवाज ऐकून तिच्या तोंडून तोच शब्द आला!

अंधारात आमचा सगळा ताफा पोट धरून हसायला लागला. पावणेआठ रस्त्यातच खाली बसला. मी भोंग्याच्या अगदी लगत होतो. एकानं बॅटरी लावली, त्या उजेडात मी त्याचा चेहरा बघितला. गाल टम्म फुगलेले, डोळ्यांतून हसण्याचं पाणी वाहतंय, खांदे हलतायत, आणि सा जागचा हलला नाही. हसला असता तर श्वास तुटला असता. तो पुढं चालू लागला. वऱ्हाड आवाजाच्या रोखानं आलं, ओढा उतरलं, मागोमाग नवरदेवाचं घोडं. मांडवाच्या दारात मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठं तो थांबला आणि मग जो हसत सुटला तो अक्षता पडेपर्यंत.

त्या लग्नात यजमानांनी वाजंत्र्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. हे मुद्दाम सांगतोय. वाजवणाऱ्याला शेवटच्या पंगतीला थंड भात वाढायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. ती मोडा. उपाशीपोटी सनई फुंकून बघा एकदा, म्हणजे कळेल.

थट्टा काही थांबली नाही, उलट वाढली. "कालची पाळी वेळेवर सुटली ना बे?" फक्त एक फरक पडला. आधी पोरं 'भोंग्या' म्हणायची, त्या दिवसापासून 'भोंगा' म्हणायला लागली. आपल्याकडं एवढ्या एका मात्रेत मान असतो.

आता भोंग्याचं वय झालंय, छातीत दम राहिला नाही. ताफ्यात सुराची इलेक्ट्रॉनिक पेटी आली आहे. बटण दाबलं की सा सुरू. पोरांनी तिचं बारसं केलंय, 'सण्ण भोंगा'. गेल्या गड्ड्याला म्हातारा मुद्दाम ती बघायला आला. कान लावून बराच वेळ ऐकत बसला. म्हणाला, "सूर बरोबर आहे. पण ह्याच्या खांद्यावर हात कुठं ठेवायचा?"

कुणी काही बोललं नाही. रात्री वाजवणं संपल्यावर पावणेआठ पेटी बंद करायला वाकला. बटण दाबायच्या आधी त्यानं तिच्यावर हळूच हात ठेवला.

नमस्कार.