मार्चमधलं टेंडर आदल्या वर्षीच ठरलेलं असतं

मंडळी, टेंडर कसं भरायचं हे मी आज शिकवणार नाहीये, त्याचे क्लास आता गल्लोगल्ली निघालेत. मला बोलायचंय टेंडर निघायच्या आधीबद्दल, म्हणजे एखाद्या सरकारी खात्याला येत्या वर्षात काय, किती आणि कधी घ्यायचंय हे त्यांना स्वतःला माहीत असतं का, आणि असेल तर ते आपल्याला का कळत नाही.

नियम नाही असं कुणी म्हणू नये. केंद्राचे 2017 चे जनरल फायनान्शियल रूल्स आहेत, म्हणजे सरकारी पैसा कसा खर्च करायचा याचे नियम, त्यातल्या नियम 144 मध्ये सरळ लिहिलंय की प्रत्येक खात्याने वर्ष सुरू व्हायच्या आधी वार्षिक खरेदी आराखडा करायचा आणि तो वेबसाइटवर टाकायचा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचं 2012 चं खरेदी धोरण, ज्यात आता 25 टक्के खरेदी तुमच्यासारख्यांकडून करायची आहे, त्यातही तेच, आराखडा टाका म्हणजे या लोकांना आधी अंदाज येईल. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणाऱ्या मेक इन इंडियाच्या ऑर्डरमध्ये तर 2020 साली असं घातलं की ज्यांची वर्षाची खरेदी 1000 कोटींच्या वर आहे त्यांनी पुढच्या 5 वर्षांचा अंदाज जाहीर करायचा. 5 वर्षांचा! आपल्याकडे पुढच्या महिन्याचं बिल कधी निघेल ते कुणी सांगत नाही, पण असो.

आता प्रत्यक्षात काय सापडतं? बऱ्याचदा एक तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, त्यात फर्निचर, स्टेशनरी, संगणक साहित्य, आणि पुढच्या रकान्यात 'आवश्यकतेनुसार'. याला आराखडा म्हणायचं तर म्हणा बापडे. सप्लायरला लागतं काय, तर वस्तू, नग, अंदाजे रक्कम, जेमवरून म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून घेणार की महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर, ओपन टेंडर काढणार, आणि टेंडर कुठल्या महिन्यात निघणार. यातला महिना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच नसतो.

तो का नसतो ते जरा बघू, कारण दरवेळी कुणी मुद्दाम लपवतंय असं नाही. समजा जिल्ह्यातल्या शाळांना जूनमध्ये बेंच हवेत. उलटं मोजत या. बनवायला आणि पोचवायला दीड-दोन महिने धरा, त्याआधी वर्क ऑर्डर, त्याआधी तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे उघडणं, त्याआधी टेंडर भरायला साधारण तीन आठवडे द्यावे लागतात, त्याआधी प्रशासकीय मान्यता आणि त्याच्याही आधी शाळांकडून मागणी गोळा करणं, म्हणजे फाइल डिसेंबर-जानेवारीतच हलायला हवी. पण साहेब म्हणतात नवीन वर्षाचं बजेट कुठं आलंय, ते एप्रिलनंतर, मग निधी बीम्सवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन निधी-वाटप प्रणालीवर, टप्प्याटप्प्याने येतो, जिल्हा नियोजन समितीचा अजून उशिरा, मध्ये गणपती-दिवाळी, एखादी आचारसंहिता, आणि बघता बघता फेब्रुवारी उजाडतो. मग मार्च एंड. जूनचे बेंच मार्चमध्ये, तेही आदल्या वर्षाच्या मुलांसाठी मागवलेले.

अशी घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, हे नियमातच आहे. केंद्रात शेवटच्या तिमाहीत 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही अशी मर्यादा असते, आपल्या राज्याचं वित्त खातं फेब्रुवारीत खरेदी थांबवायचं परिपत्रक काढतं. पण घाईत निघालेल्या शॉर्ट टेंडरमध्ये, म्हणजे भरायला मोजकेच दिवस दिलेल्या टेंडरमध्ये, टिकतो कोण, तर ज्याच्या गोडाऊनमध्ये माल आधीच तयार आहे तो, आणि त्याने तो कशाच्या भरवशावर बनवून ठेवला हे तुम्हीच मला सांगाल. आराखडा जाहीर नसला म्हणजे तो कुणालाच माहीत नसतो असं नाही, तो थोड्याच जणांना माहीत असतो, माझा सगळा राग आहे तो यावर.

ब्रिटनने याचा कायदाच केलाय. त्यांचा 2023 चा प्रोक्युरमेंट अ‍ॅक्ट 24 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाला, त्यात ज्या संस्थेचा येत्या वर्षातला खरेदीखर्च 10 कोटी पौंडांच्या वर जाणार असेल तिने वर्ष सुरू झाल्यापासून 56 दिवसांत पुढच्या 18 महिन्यांतली 20 लाख पौंडांवरची कंत्राटं आधीच जाहीर करायची. चांगलंच आहे, पण आपल्या पैशात ते एकेक कंत्राट 20 कोटींच्या वर जातं, बेंच बनवणाऱ्याला त्यातून काय मिळणार. त्यामुळे तिकडचं उचलून इकडे चिकटवा असं मी म्हणणार नाही.

मला जास्त जवळचं वाटतं तामिळनाडूचं औषध खरेदी महामंडळ, 1995 पासून काम करतंय. तिथं प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक असतं, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम, आणि गोडाऊनमधून औषध उचललं की तेवढी वजा. म्हणजे पुढच्या वर्षीची मागणी लिहिताना खरंच किती खपलं ते समोर असतं. आपण महाराष्ट्रात 2017 ला औषध खरेदी हाफकिन या सरकारी औषध कंपनीकडे दिली, मग 2023 ला वेगळं प्राधिकरण काढलं, खरेदी करणारा बदलत राहिला, पण खालून येणारी मागणी कच्ची असेल तर वर कोणीही बसवा.

म्हणून आराखड्यापेक्षा मला वर्षाच्या शेवटचा ताळा, म्हणजे ठरवलं काय आणि घेतलं काय, जास्त हवाय, तो जवळपास कुणीच मागत नाही. माहिती अधिकाराच्या कलम 4 मध्ये योजना, प्रस्तावित खर्च आणि वाटप झालेला निधी हे न मागता जाहीर करायचं आहे, त्याचा आधार घ्या. फक्त अर्जात 'खरेदीची सर्व माहिती द्या' असलं काही लिहू नका, उत्तर येईल माहिती विस्तृत आहे, येऊन बघून जा. तीनच गोष्टी मागा, आराखड्याची प्रत, त्यातल्या कुठल्या वस्तूचं टेंडर कुठल्या तारखेला निघालं, आणि आराखड्यात नसलेल्या कुठल्या वस्तू जानेवारी ते मार्चमध्ये घेतल्या. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो, अपील करायची तयारी ठेवा.

चला, प्रश्न घेऊया. जेमच्या पेमेंटवरचे शेवटी विचारा, नाहीतर त्यातच जेवणाची वेळ होईल.