अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी उघडा

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांकडे तरी ट्यूबचा अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, आहे, आणि उरलेल्यांना तो घ्यायचाय पण घरून परवानगी नाही. त्यामुळे ट्यूब तापते कशी, ट्रान्झिस्टरपेक्षा तिचा आवाज गोड का, हे सगळं मी गाळतो. ते वाद तुम्ही रात्री दोनपर्यंत घालता, त्यात माझी भर नको. पत्रिकेत विषय छापलाय ‘ट्यूब अ‍ॅम्पमधली घरघर आणि आवाज बसण्याच्या तक्रारी’. दोन्हींकडे येणार आहे. पण त्याआधी एक हट्ट मांडू द्या.

अ‍ॅम्प घरघर करायला लागला की आपला पहिला हात ट्यूबवर जातो. तो शेवटी जायला हवा. आधी गिटार, मग केबल, मग खोली, मग भिंतीतलं सॉकेट, आणि एवढ्यानंतरही घरघर उरलीच तर अ‍ॅम्प.

कारण साधं आहे. गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची वायर. समोरचं चुंबकीय क्षेत्र हलतंय ते गिटारच्या तारेमुळं की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळं, हे तिला कळत नाही. तिच्यातून निघतो व्होल्टाचा दहावा-पाचवा हिस्सा. पहिली ट्यूब, बहुतेक वेळा ईसीसी ८३, म्हणजेच अमेरिकनांची १२एएक्स७, त्याला पन्नास-साठपट करते. पुढची ट्यूब पुन्हा तेच करते. म्हणजे पिकअपनं टिपलेला कचराही हजारोपट होऊन स्पीकरवर येतो. या कचऱ्याचा त्रास किती जुना आहे बघा, गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरनं १९५५ साली हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल, एकीचे वेढे आणि चुंबक दुसरीच्या उलट, बाहेरचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, एकमेकांत खलास. एकाच कॉइलचा पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, वापरणाऱ्यांनी इथं नाक मुरडायचं काम नाही, तुमचा टोन छान आहेच, पण त्याचं बिल तुम्हीच भरताय.

आणखी एक गोष्ट जाता जाता. जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ साली लंडनमध्ये जेटीएम ४५ हा अ‍ॅम्प बनवला तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या ५एफ६-ए बासमन अ‍ॅम्पवरून. सर्किट जवळपास तेच. पण फेंडरनं पहिल्या जागी १२एवाय७ लावली होती, इकडे ईसीसी ८३ बसली. ती जास्त ताणते. आवाज फाटला, त्यावर पुढे रॉक उभं राहिलं, आणि हिस, म्हणजे फसफसाट, तोही त्याच हातानं वाढला. तेव्हा मार्शलछाप अ‍ॅम्प गेन, म्हणजे सिग्नलची पट, चढवल्यावर फसफसतो अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका. तो त्याचा स्वभाव आहे.

आता आमच्या मित्राची गोष्ट. नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याच्याकडे पंधरा वॅटचा छोटा अ‍ॅम्प, दोन ईएल ८४ पॉवर ट्यूबवाला. मार्च उजाडला की हा अ‍ॅम्प झणझणायचा. सोज्ज्वळ हम नव्हे, करवतीसारखा चरचरीत बझ. दुकानात नेला. दुकानाचं नाव विचारू नका. तिथं अ‍ॅम्प शहाण्या मुलासारखा गप्प. तरी दुकानदारानं चारही ट्यूब बदलल्या, बिल लावलं. घरी आणला, पुन्हा झणझण. परत दुकान. आता फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे आतला वीजपुरवठा सपाट करणारे, बदलले. घरी पुन्हा तेच. मग दुकानदारानं सिद्धांत मांडला की उन्हाळ्यात ट्यूब तापून अशी वागते. अहो, चालू पॉवर ट्यूबच्या काचेला बोट लावलंत तर फोड येतो. पुण्याचे चाळीस अंश म्हणजे तिला महाबळेश्वर! पण आमच्या मित्राला सिद्धांत पटला, कारण डिसेंबरात अ‍ॅम्प खरोखर चांगला असायचा. त्यानं अ‍ॅम्पच्या मागे छोटा टेबलफॅन लावला. बझ तसाच. मग ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलायची भाषा सुरू झाली, आणि त्याची किंमत ऐकून त्यानं मला फोन केला.

मी गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. अ‍ॅम्प चालू, बझ चालू. मी केबल काढली, बझ गेला. घातली, आला. म्हणजे अ‍ॅम्प सुटला, दोषी बाहेर. गिटार हातात घेऊन खोलीत गोल फिरायला लागलो, कारण सिंगल कॉइल कुठल्या दिशेला जास्त ओरडते यावरून बझचा पत्ता लागतो. तेवढ्यात त्याच्या आईनं देवापाशी निरांजन लावायला छताचा पंखा बंद केला. अ‍ॅम्प गप्प. काकूंना काही कळेना, आम्ही दोघं पंख्याकडे बघत उभे.

पंख्याचा रेग्युलेटर! गोल फिरणारा, इलेक्ट्रॉनिक. त्यात ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग कापून टाकतो आणि मग एकदम चालू होतो. सेकंदाला शंभर वेळा अशी तीक्ष्ण कड तयार होते, तिच्यातून थेट वरच्या पट्टीपर्यंत सगळा कचरा बाहेर पडतो, आणि घरातलं वायरिंग त्याचा एरियल होतं. पंखा पूर्ण वेगावर ठेवा, कापणं जवळजवळ थांबतं, बझ उतरतो. दिव्याच्या डिमरचंही हेच. जुने लाकडी पेटीएवढे रेग्युलेटर होते, आत तारेचा रेझिस्टन्स, ते वीज फुकट घालवून तापायचे पण गिटारला त्रास नव्हता. आज उपाय म्हणजे टकटक पायऱ्यांचा, कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर. तो लाट कापत नाही. इलेक्ट्रिशियनला सांगा ‘स्टेपवाला द्या’, एवढं पुरतं. चार ट्यूब आणि कॅपॅसिटरच्या बिलात आख्ख्या घराचे बदलून झाले असते. हिवाळ्यात पंखा लागत नाही, अ‍ॅम्प बरा होतो. इतकी सरळ गोष्ट, आणि तिच्यावर दोन उन्हाळे गेले.

तर पहिली परीक्षा हीच. जॅक बाहेर काढा. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये जॅक काढला की इनपुट आतून जमिनीला जोडला जातो. घरघर थांबली तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. गिटार, केबल, पेडल, पेडलचा अ‍ॅडॅप्टर, लॅपटॉपचा चार्जर, पंखा.

आता अर्थिंग. (प्रेक्षकांतून: ‘आलं!’) हो, आलं. माझं हे रडगाणं तुम्ही ऐकलेलं आहे, तरी पुन्हा ऐका. मंडपात, हॉलमध्ये, जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि वरच्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नसतं. त्याहून थोर लोक आहेत, जे हम घालवण्यासाठी अर्थची पिनच कापतात. हम खरंच जातो कधीकधी, कारण दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा ग्राउंड लूप तुटतो. पण त्याबरोबर तुमचा जीव वाचवणारी एकमेव तारही तुटते. अ‍ॅम्पच्या आत फेज चुकून चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, लागली, की चॅसिसपासून केबल, केबलपासून तुमच्या तारा, आणि समोर ओठांशी दुसऱ्या अर्थवरचा माइक. स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी स्वान्सीमध्ये भर मंचावर नीट अर्थ नसलेल्या माइकला हात लावल्यानं गेला. मी घाबरवत नाही, तारीख सांगतो. लूप तोडायचा तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या, किंवा सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. पिनेला हात लावायचा नाही.

यातच न्यू जर्सीहून भावानं आणलेले अ‍ॅम्प येतात. ते १२० व्होल्टचे, म्हणून आपण स्टेपडाउन घेतो. स्वस्त स्टेपडाउनला पुढे दोनच भोकं असतात, अर्थ तिथंच संपला. जुने फेंडर तर मुळात दोन पिनांचेच, आणि त्यांत वीज आणि चॅसिस यांच्यामध्ये एक कॅपॅसिटर बसवलेला असतो. तिकडचे मेकॅनिक त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात, उगाच नाही. असा अ‍ॅम्प आला तर आधी तीन पिनांची वायर घाला, तो कॅपॅसिटर काढून टाका, मग वाजवा. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०, त्यामुळे पॉवर ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, तेही ध्यानात असू द्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पत्रिकेतला विषय आता सुरू होतोय.

जॅक काढूनही घरघर असेल तर अ‍ॅम्प दोषी. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर आणा. घरघर गेली तर बिघाड नॉबच्या आधी, राहिली तर नंतर. तुमचं सगळ्यात स्वस्त मीटर तो नॉब आहे. मग प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीला सिग्नल वाढवणाऱ्या, ट्यूब इनपुटच्या बाजूनं एकेक काढत चला, अ‍ॅम्प बंद करून, गार होऊ देऊन. जी काढल्यावर गप्प झाला, तिथं किंवा तिच्या आधी घोटाळा.

स्वर ओळखा. ट्यूनर लावा. ५० आणि १०० हर्ट्झ दोन्ही जी दाखवतात, थोडा चढा. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झ, त्याच्याशी जुळलं तर १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरनं एसीचा डीसी केल्यानंतरचं, फिल्टर कॅपॅसिटर सुकले. पंधरा-वीस वर्षं झाली की ते जातातच. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५०, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या ६.३ व्होल्टच्या तारा, त्या एकमेकींना पिळलेल्या नाहीत किंवा सेंटर टॅप तुटला. खरखर आणि फटफट असेल तर ट्यूबच्या प्लेटला, म्हणजे आतल्या पत्र्याला, जोडलेला १०० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर बघा, मेटल फिल्म टाका. नॉब फिरवताना खरखर आणि क्लीनर मारूनही जात नाही, तर दोन ट्यूबांमधला कपलिंग कॅपॅसिटर गळतोय, नॉबमागच्या पॉटवर डीसी चढलाय. ट्यूबवर चायनीज पार्सलबरोबर येणाऱ्या काडीनं टिचकी मारा, स्पीकरमधून टण्ण आलं तर मायक्रोफोनिक, म्हणजे ट्यूबच माइकसारखी वागतेय, तीच ट्यूब बदला, चारही नाही.

आवाज बसला? इफेक्ट्स लूप, म्हणजे पेडल मधेच जोडायची वाट, असेल तर सेंड आणि रिटर्नमध्ये छोटी पॅचकेबल घाला. आवाज परत आला तर रिटर्न जॅकच्या आतला संपर्क गंजलाय. मुंबई-कोकणच्या हवेत हे इतकं होतं की मी आधी हेच बघतो. आवाज निम्मा आणि हम वाढलेला, दोन्ही एकदम, तर पुश-पुलमधली, म्हणजे आळीपाळीनं स्पीकर ढकलणाऱ्या जोडीतली, एक पॉवर ट्यूब मेली. दोघी मिळून हम खोडत होत्या, आता एकटीला जमत नाही. आत लाल तार दिसते म्हणून ट्यूब जिवंत समजू नका, ती फक्त हीटर आहे. आणि प्लेटच लालबुंद झाली तर ताबडतोब बंद, बायस, म्हणजे ट्यूबचा प्रवाह आवरणारं व्होल्टेज, गेला. एखाद्या चॅनलचाच गेन पडला तर कॅथोडचा २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, तो सुकला की गेन सुमारे निम्मा. दहा मिनिटांनी आवाज जातो, थपडेनं परत येतो, तर सोल्डर सुटलंय किंवा ट्यूबचं सॉकेट सैल.

आणि ज्यांचा काहीच बिघाड नाही, फक्त आवाज कमी वाटतो: ५० वॅटचा १०० वॅट केला तर फक्त ३ डेसिबल मिळतात. तेवढे ९७ ऐवजी १०० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरनं मिळतात, स्वस्तात. स्पीकर न जोडता मात्र अ‍ॅम्प कधी चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

शेवटचं, हे सांगितल्याशिवाय खाली बसत नाही. प्लग काढला तरी फिल्टर कॅपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसलेले असू शकतात. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपवर लावून कॅपॅसिटर आणि चॅसिसमध्ये अर्धं मिनिट धरा, मग मीटर डीसीवर ठेवून मोजा, शून्याजवळ आल्यावरच हात घाला, तोही एकच. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडणारे बहाद्दर असतील त्यांनी मला चहाच्या वेळी भेटा, थोडं बोलायचंय.