पाच दरवाजे, सहा जाळ्या आणि एक लिफ्ट

(कार्नार्वन, उत्तर वेल्स. किल्ल्याचं राजद्वार समोरून. मग कॅमेरा कमानीखाली, नजर वर.)

हे कार्नार्वन किल्ल्याचं राजद्वार. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकलं आणि १२८३ साली हा किल्ला बांधायला घेतला. कमानीखाली उभं राहून वर बघितलं की छतात भोकं दिसतात. खाली अडकलेल्या शत्रूवर वरून मारा करायची ती सोय. दोन्ही बाजूंच्या भिंतींत बाण सोडायच्या जंग्या आहेत. हे द्वार कधीच पुरं झालं नाही. मूळ बेताप्रमाणे झालं असतं, तर आत येणाऱ्याला दोन उचलते पूल, पाच दरवाजे आणि वरून सोडायच्या सहा जाळ्या पार कराव्या लागल्या असत्या. शिवाय मध्येच एक काटकोनी वळण.

२०२३ साली याच द्वारात लिफ्ट बसली.

जिथे चढायला दगडी जिन्याशिवाय वाट नव्हती, त्या गच्चीवर आता व्हीलचेअरवरचा माणूस पोचतो. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी पोचतात. तिथून खालचं गाव, गावाची तटबंदी आणि पलीकडे मेनाईची सामुद्रधुनी त्यांनाही बाकीच्यांसारखीच दिसते.

किल्ल्यात संग्रहालय करायचं म्हटलं की पहिली अडचण हीच असते. इमारतीचं मोल जाड भिंती, अरुंद वाटा, उंच उंबरे यांच्यात असतं, आणि नेमकं तेच माणसाला आत येऊ देत नाही. बांधणाऱ्यांची इच्छाच तशी होती. आता तिथे तिकीट काढून येणाऱ्यांचं स्वागत करायचं आहे.

(दरवाज्याचा उंबरा, जवळून. दगडावर टेकलेलं व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक.)

'रॅम्प टाकला की झालं', असं सहज म्हटलं जातं. जरा हिशेब करून बघू. व्हीलचेअरच्या रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा जास्त नसावा, असा अमेरिकेचा नियम आहे, आणि इतरही अनेक ठिकाणी तोच मापदंड वापरतात. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका उंबऱ्यासाठी १.८ मीटरचा रॅम्प लागतो. आता मध्ययुगातल्या मनोऱ्यांचे दरवाजे मुद्दाम पहिल्या मजल्यावर ठेवलेले असत. लाकडी जिना काढून घेतला की शत्रू खालीच. असा दरवाजा जमिनीपासून ३ मीटर उंच असला, तर रॅम्प ३६ मीटर लांब होतो, आणि मध्ये थांबायला सपाट टप्पे धरले तर त्याहून जास्त. एवढा रॅम्प अंगणात मावला तरी अंगणाचं काय होईल, हा प्रश्न राहतोच.

म्हणून जतनाचं काम करणारे एक दंडक पाळतात. नवं जे काही बसवायचं, ते जुन्या दगडाला कमीत कमी धक्का लावून, आणि उद्या काढून घेतलं तर मूळ भिंत होती तशी उरेल अशा बेताने. लिफ्ट असो, पूल असो, कठडा असो, सगळ्याला हीच अट.

(गोल जिना. अंधार. भिंतीला लावलेला दोर.)

बुरुजातला गोल जिना तर रॅम्पने सुटतच नाही. पायरी बाहेरच्या भिंतीकडे रुंद आणि मधल्या खांबाकडे निमुळती होत जाते. शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध खोलगट झालेली. बरेचसे जिने वर जाताना उजवीकडे वळत जातात. उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या हल्लेखोराची अडचण व्हावी म्हणून ते असे बांधले, असं वाटाडे रंगवून सांगतात. त्याला त्या काळातला पुरावा मात्र नाही. आज जिना चढणाऱ्याच्या दृष्टीने कामाची गोष्ट वेगळीच आहे. अशा जिन्यात चढताना बाहेरची भिंत डाव्या हाताला येते आणि उतरताना उजव्या हाताला. धरायचा दोर किंवा कठडा बहुधा त्याच भिंतीला असतो. पक्षाघातामुळे ज्यांचा उजवा हात नीट चालत नाही, ते दोर धरून वर जातात, आणि उतरताना त्यांना धरायलाच काही नसतं. पडायची भीती उतरतानाच जास्त. 'जिन्याला आधाराचा दोर आहे' एवढं लिहून भागत नाही. दोर कोणत्या बाजूला आहे, हे लिहायला हवं. एका ओळीचं काम आहे.

(जपान. हिमेजी किल्ल्याचा पांढरा मनोरा.)

या प्रश्नावर सगळ्यात कडाक्याचा वाद झाला तो जपानमध्ये. तिथले तीन किल्ले पाठोपाठ बघू.

हिमेजीचा मुख्य मनोरा १६०९ सालचा, अस्सल लाकडी. १९९३ पासून जागतिक वारसा यादीत. आत जाताना बूट काढून पिशवीत घालायचे आणि हातात धरून चढायचं. वरचे जिने इतके उभे आहेत की शिडीच म्हणावी. इथे लिफ्ट नाही. चारशे वर्षांचे वासे कापून ती बसवावी असं म्हणणारेही फारसे भेटत नाहीत, आणि मलाही तसं वाटत नाही. इथे दुसरं करता येण्याजोगं बरंच आहे. ज्यांना वर जाता येत नाही त्यांच्यासाठी खाली चांगलं चित्रीकरण दाखवता येतं. हाताने चाचपून बघता येईल अशी मनोऱ्याची प्रतिकृती ठेवता येते.

ओसाकाचा मनोरा बाहेरून तितकाच जुना वाटतो, पण तो १९३१ साली नागरिकांच्या देणग्यांतून उभा राहिलेला, सिमेंट काँक्रीटचा आहे. आत आठ मजल्यांचं संग्रहालय आणि लिफ्ट. जुन्या वास्तूची आवड असलेले लोक आत शिरून खट्टू होतात. पण वरच्या मजल्यावरून शहर बघणाऱ्यांत काठी घेऊन आलेले आजोबाही असतात, हेही खरं.

आणि तिसरा नागोया. इथला १६१२ सालचा मनोरा १४ मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला. १९५९ मध्ये तो काँक्रीटमध्ये पुन्हा बांधला गेला. त्यात लिफ्ट होती. भूकंपात तो टिकणार नाही म्हणून मे २०१८ पासून लोकांना आत सोडणं बंद झालं. युद्धाआधी घेतलेली मोजमापं आणि छायाचित्रं शाबूत होती. त्यावरून मूळच्यासारखाच लाकडी मनोरा उभारायचा, असं शहराने ठरवलं. मूळ मनोऱ्यात लिफ्ट नव्हती, म्हणून नव्यातही नको, असं जाहीर झालं. अपंगांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. पुढे छोट्या आकाराचं उचल-यंत्र बसवायचा पर्याय निघाला, मग ते किती मजल्यांपर्यंत न्यायचं यावर भांडण. जून २०२३ मध्ये शहराने नागरिकांची चर्चासभा भरवली. तिथे व्हीलचेअरवर आलेल्या एका माणसाने लिफ्टची मागणी केली, आणि सभेतल्या काहींनी त्याला अपमानास्पद बोल सुनावले. व्यासपीठावरच्या कुणी त्यांना थांबवलं नाही. नंतर शहराला माफी मागावी लागली.

इथे मी स्पष्ट बाजू घेतो. हिमेजी आणि नागोया यांना एकच न्याय लावता येणार नाही. हिमेजीचं लाकूड १६०९ चं आहे, ते एकदा गेलं की गेलं. नागोयाचा मनोरा मात्र आज कापलेल्या लाकडातून, आजच्या लोकांसाठी, सगळ्या शहराच्या पैशातून उभा राहणार आहे. जे अजून बांधलंच नाही, त्यात लिफ्टला जागा ठेवल्याने कोणता इतिहास बिघडतो?

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने २००६ सालीच हे लिहून ठेवलं आहे. सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हा हक्क, आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपर्यंत शक्य तितकं पोचता यावं ही सरकारांची जबाबदारी. 'शक्य तितकं' या शब्दांत हिमेजीची सोय बसते. नागोयाची पळवाट बसत नाही.

(पुन्हा वेल्स. हार्लेकचा खडक. त्याकडे जाणारा वळणदार पूल.)

जागा अवघड असली तरी वाट निघते, हे बघायचं तर हार्लेकला यावं. हाही पहिल्या एडवर्डचाच किल्ला, उभ्या कड्यावर. पूर्वी दारात पोचायला पायऱ्या चढाव्याच लागत. २०१५ मध्ये रस्त्याच्या बाजूकडून थेट प्रवेशद्वारापर्यंत एक वळणदार पादचारी पूल झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिंकन किल्ल्याचं नूतनीकरण संपलं. तिथे तटबंदीवर चढायला लिफ्ट आहे.

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या गडावर तर १८९२ पासून केबलने ओढली जाणारी रेल्वे जाते. अपंगांच्या हक्कांसाठी ती बांधलेली नव्हती, पण आज तिचा सगळ्यात जास्त आधार त्यांनाच.

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या क्लिफर्ड मनोऱ्याचं उदाहरण मला वेगळ्या कारणाने महत्त्वाचं वाटतं. २०२२ मध्ये तिथे आत नव्या वाटा आणि गच्ची झाली. पण मनोरा मातीच्या उंच टेकडीवर आहे, आणि दारापर्यंतच्या ५५ पायऱ्या तशाच आहेत. त्या ५५ आहेत, हे येणाऱ्याला आधी सांगितलं जातं. ५५ हा आकडा कळला की माणूस ठरवू शकतो. सकाळी, दम असताना चढावं का, आईला खाली बाकावर बसवून आपण जाऊन यावं का, की सगळ्यांनी मिळून दुसरीकडे जावं.

(संग्रहालयाच्या माहितीफलकावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह. मग त्याच्यामागचा दगडगोट्यांचा चढ.)

याउलट हे निळं चिन्ह. ते नेमकं काय सांगतं? स्वच्छतागृहात व्हीलचेअर जाते एवढंच, की अख्खा किल्ला फिरता येतो? 'अंशतः सुलभ' असं लिहिलेलं असतं. कोणता अंश, ते कुणी सांगत नाही. मग घरून निघालेलं माणूस अंगणातच अडकतं. त्याच्यासोबत आलेलेही धड आत जात नाहीत, धड बाहेर थांबत नाहीत. पैशाअभावी लिफ्ट झाली नाही, हे समजू शकतं. मोजपट्टी घेऊन दरवाजे मोजायला किती पैसे लागतात?

चांगली माहिती कशी असते, सांगतो. गाडीतळापासून तिकीटखिडकी किती मीटर आणि मध्ये बसायला बाक किती. जमीन कसली आहे, कारण गोट्यांच्या फरसबंदीत पुढची छोटी चाकं रुततात, आणि व्हीलचेअर न वापरणाऱ्या पण पाय घसटत चालणाऱ्या माणसाचाही तोल जातो. काही ठिकाणी गोट्यांचे माथे तासून तेवढाच एक पट्टा सपाट करतात. तो पट्टा कुठून कुठे जातो, हे नकाशात दाखवलेलं असावं. सगळ्यात अरुंद दरवाजा किती सेंटीमीटरचा, तेही हवं, कारण साधी व्हीलचेअर जाते तिथून बॅटरीवरची गाडी जाईलच असं नाही.

(दालन. काचेमागे जुना भरजरी झगा. मंद उजेड.)

या दालनातला अंधार मुद्दाम ठेवला आहे. जुन्या कापडाचे रंग उजेडाने उडतात. म्हणून त्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. पण लख्ख उन्हाच्या अंगणातून इथे येणाऱ्या वयस्कर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, आणि नेमकी दारातच एखादी पायरी असते. पायरीच्या कडेला फिकट पट्टी, दाराशी एक खुर्ची, 'डोळे सरावेपर्यंत इथे बसा' अशी पाटी. झग्याला काही होत नाही आणि माणूसही पडत नाही.

आवाजाचंही तसंच. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा किल्ल्यावर १८६१ पासून दुपारी एकची तोफ उडते. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडले तर रोज. बहुतेकांना तीच मजा वाटते. मोठा आवाज ज्यांना सोसत नाही, अशा स्वमग्न मुलांच्या आईबापांना मात्र ही वेळ आधी माहीत हवी. मग ते साडेअकराला येऊन साडेबाराला बाहेर पडतील. याच किल्ल्यावर चढ अतिशय तीव्र असल्यामुळे चालायला त्रास असणाऱ्यांना वर नेणारी गाडी आहे. ती आहे हे ज्याला माहीत नसतं, तो खालूनच परत फिरतो.

एक नियम बऱ्याच जणांना खटकतो, म्हणून समजावून सांगतो. लिफ्ट असली तरी वरच्या मजल्यावर एका वेळी ठराविकच व्हीलचेअर सोडतात. आग लागली तर साधारणपणे लिफ्ट वापरायची नसते. प्रत्येकाला जिन्यावरून सरकत उतरणाऱ्या खास खुर्चीतून खाली आणावं लागतं, त्याला शिकलेली माणसं लागतात, आणि ती मोजकीच असतात. म्हणून आधी वेळ ठरवून गेलेलं बरं.

(तिकीटखिडकी. मदतनिसासोबत आलेली एक स्त्री. मागे मार्गदर्शक कुत्रा.)

जाण्याआधी फोन करा, आणि 'किल्ला सुलभ आहे का?' असं विचारू नका. त्याला उत्तर 'हो' असंच मिळतं. थेट विचारा: पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूला, व्हीलचेअर उसनी मिळते का आणि ती आधी राखून ठेवावी लागते का. मदतनिसाचं तिकीट लागतं का, तेही विचारा. ब्रिटनमधल्या बऱ्याच किल्ल्यांवर ते लागत नाही, पण पुरावा मागतात. प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा कुठपर्यंत येऊ शकतो? स्वच्छतागृह किल्ल्याच्या आत आहे की बाहेर, आणि बाहेर जाऊन त्याच तिकिटावर परत येता येतं का? मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलायचे असतील तर तसा बाक आणि उचलायचं यंत्र आहे का? या शेवटच्या सोयीवाचून कितीतरी कुटुंबं दोन तासांच्या पलीकडची सहलच करत नाहीत.

आणि निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोन करा. वारा जोराचा असला तर तट बंद ठेवतात, पाऊस पडला तर गोटे निसरडे होतात, आणि लिफ्ट कधीही बिघडू शकते. लिफ्ट बंद असेल तर ते संकेतस्थळावर सकाळी दार उघडण्याआधी लागलं पाहिजे, खिडकीपाशी पोचल्यावर हाताने लिहिलेल्या कागदावर नको. संग्रहालय चालवणारं कुणी हे बघत असेल, तर उद्या सकाळपासूनच हे सुरू करता येईल.