चिलटाच्या डोळ्यातून यकृताकडे

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली माशीचा डोळा. पहिले काही क्षण निवेदन नाही.)

लाल डोळा. त्यात पांढरे चट्टे, पोपडे उडालेल्या भिंतीसारखे.

हा डोळा चिलटाचा आहे. पिकलेल्या केळ्यांवर जमतात, त्यांतलंच एक. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला, पण प्रयोगशाळेतले विद्यार्थीसुद्धा नुसतं ‘माश्या’ म्हणतात. एका डोळ्यात साडेसातशेच्या आसपास बारीक नेत्रिका असतात. या माशीत त्या सगळ्यांकडे लाल रंगासाठी लागणारं जनुक शाबूत आहे. पांढऱ्या चट्ट्यांमध्येही. जनुक आहे, पण गप्प आहे.

(दृश्य: पातेल्यात शिजणारी खळ, नळ्यांची रांग, कापसाचे बोळे.)

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, आगार. खळ शिजवायची, नळ्यांत ओतायची, गार झाली की माश्या सोडायच्या आणि वर बोळा लावायचा. 25 अंशांना दहा दिवसांत नवी पिढी तयार. कार्बन डायऑक्साइडचा झोत दिला की माश्या निपचित पडतात. मग कुंचल्याने एकेक बाजूला सारत डोळे बघत बसायचं. आम्ही या खोलीत अख्खा दिवस काढला. यीस्टचा वास कपड्यांना दुसऱ्या दिवशीही होता.

असे चट्ट्याचट्ट्यांचे डोळे हर्मन म्युलर यांनी 1930 मध्ये टेक्सासमध्ये नोंदवले. क्ष-किरणांनी गुणसूत्र तुटलं होतं आणि उलटं जोडलं गेलं होतं. रंगाचं जनुक आपल्या जागेवरून उठून गुणसूत्राच्या घट्ट आवळलेल्या भागाशेजारी जाऊन बसलं. शेजार बदलला आणि काही पेशींत त्याचं तोंड बंद झालं.

बंद करणारं कोण? ते शोधायची युक्ती साधी आहे, फक्त वेळखाऊ. चट्टे जाऊन डोळा पुन्हा लाल झालेली माशी सापडली, की समजायचं, गप्प करणाराच बिघडलाय. पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात गुंटर रॉयटर यांनी अशा माश्या वेचण्यात वर्षांमागून वर्षं घातली. सापडलेल्या जनुकांना नाव ‘एस-यू-व्हार’ आणि पुढे आकडे. तीन-नऊ म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावरचं नववं. समोर कुठलंही औषध नव्हतं, कर्करोग नव्हता. ‘या संशोधनाचा समाजाला उपयोग काय’ असा रकाना हल्ली प्रत्येक अर्जात असतो. तिथे त्यांनी काय लिहिलं असतं?

(दृश्य: लिंबासारखा पिवळा डोळा. चित्र स्थिर.)

हा दुसरा डोळा. ‘झेस्त’ म्हणजे फ्रेंचमध्ये लिंबाची साल. या वाणाच्या माद्यांचे डोळे असे पिवळे होतात, आणि तो परिणाम वाढवणारं एक जनुक आहे: एनहान्सर ऑफ झेस्त. 1994 मध्ये तीन-नऊची अक्षरं वाचून झाली, तेव्हा त्यातला एक तुकडा या झेस्तवाल्या जनुकातही निघाला आणि ट्रायथोरॅक्स नावाच्या तिसऱ्यातही. तिघांची आद्याक्षरं घेऊन तुकड्याचं नाव पडलं ‘सेट’.

तो तुकडा करतो काय, ते 2000 साली व्हिएन्नात थॉमस येनुवाइन यांच्या गटाने दाखवलं.

(दृश्य: ॲनिमेशन. फिरकीवर मांजा.)

मांजा फिरकीवर गुंडाळावा तसा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनला बाहेर आलेलं शेपूट असतं. त्या शेपटावर नवव्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल आहे. सेट तुकडा असलेलं विकर (एन्झाइम) त्याच्यावर मिथाइल गट चिकटवतं: एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढीशी खूण. ती ओळखून दुसरी प्रथिनं येतात, गुंडाळी घट्ट होते, जनुक गप्प. (नावातला नऊ आणि लायसिनचा नऊ हा निव्वळ योगायोग.) झेस्तवाल्या जनुकाचा माणसातला भाऊबंद म्हणजे ईझेडएच-टू. तो हीच खूण सत्ताविसाव्या जागी करतो.

(दृश्य: काचपट्टी. यकृताचा छेद, निम्मा निळा, निम्मा तपकिरी.)

आता डोळा नाही, यकृत. डावीकडे निरोगी भाग, पेशींची केंद्रकं निळी. उजवीकडे गाठ. तपकिरी रंग म्हणजे ईझेडएच-टू. कॅमेरा सावकाश सरकवलाय, सीमा नीट बघा.

मिथाइल गट येतो मिथायोनिन या अमिनो आम्लापासून, म्हणजे आपल्या जेवणातून, आणि त्यापासून मिथाइल देणारं रसायन बनवण्याची शरीरातली सर्वांत मोठी भट्टी यकृतच. ते रसायन बनवणारं यकृताचं खास जनुक काढून टाकलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग झाला. म्हणजे मिथाइलचा पुरवठा आटला तरी गाठ, आणि चिकटवणारं विकर माजलं तरी गाठ. हा गुंता सरळ नाही, आणि ॲनिमेशनमध्ये तो मावलाही नाही.

हाँगकाँगमध्ये यकृताला लागणारा हिपॅटायटिस बी विषाणू पूर्वापार पसरलेला, त्यामुळे हा कर्करोगही. तिथल्या विद्यापीठातल्या गटाने 2012 मध्ये दाखवलं, की ईझेडएच-टू गाठीला आवर घालणाऱ्या अनेक सूक्ष्म-आरएनएंना (जनुकांवर लगाम ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे) गप्प करतं आणि कर्करोग पसरायला वाट मोकळी होते. 2016 मध्ये त्याच गटाने सेटडीबी-वन हे दुसरं विकर पकडलं, पुढे जी-नाइन-ए हे तिसरं. दोघांचीही खूण नवव्या जागी, दोघांतही तोच माशीतला तुकडा. टोकियोत 2004 मध्येच सापडलेलं एसएमवायडी-थ्री हे विकर तर हिस्टोन सोडून पेशीतल्या इतर प्रथिनांवरही मिथाइल चिकटवतं. त्याची दृश्यं आमच्याकडे नाहीत, म्हणून नुसता उल्लेख.

ईझेडएच-टूला अडवणाऱ्या गोळीला 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण एका दुर्मीळ सार्कोमासाठी (मऊ ऊतींचा कर्करोग) आणि एका लिम्फोमासाठी (लसिका पेशींचा कर्करोग). यकृतासाठी नाही. 2022 या एका वर्षात जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे 8 लाख 66 हजार नवे रुग्ण नोंदले गेले, सुमारे 7 लाख 58 हजार माणसं गेली.

(दृश्य: पुन्हा माश्यांची खोली. संध्याकाळ. निवेदन इथून विरळ.)

जुन्या नळीतून नव्या नळीत. हातावर एक टिचकी, माश्या खाली. बोळा.

चिठ्ठीवर वाणाचं नाव, खाली आजची तारीख.

(आवाज: कपाटाचं दार. पडदा काळा.)