लाचेला लाचच म्हणूया

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात वडिलांची घरखर्चाची जुनी वही चाळत होतो तर एका पानावर निळ्या शाईत दिसलं, 'म्युटेशन, चहापाणी, 500'. वडील शाळामास्तर, जन्मात कोणाचा पैसा खाल्ला नाही, पण एक-चौदाच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर आजीचं नाव चढवायचं होतं, त्यालाच म्युटेशन म्हणतात, एका कचेरीत खेपा घालून घालून थकले आणि शेवटी दिले असणार. वाईट वाटलं ते याचं, की स्वतःच्या वहीतसुद्धा 'लाच' लिहायला त्यांचा हात धजला नाही.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जातच नाहीये. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला मंत्री, खाणी, कोटींचे आकडे आठवतात, आणि आपल्या हातून जे होतं ते मात्र चिरीमिरी, वशिला, सेटिंग. असं का?

भ्रष्टाचार शब्दाचा मूळ संस्कृत धातू भ्रंश्, म्हणजे घसरणं, जागेवरून सुटून खाली पडणं. स्थानभ्रष्ट, अपभ्रंश सगळे त्याच घरातले. पूर्वी भ्रष्ट झाला म्हणजे बाटला, आचार सुटला, त्यात पैशाचा संबंध असायलाच पाहिजे असं नव्हतं. इंग्रजी करप्शन शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं फोडणं, नासवणं आहे, म्हणून तर पेनड्राइव्हमधली फाइलपण करप्ट होते. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो, कारण अर्ज पुढे सरकवणं हेच ज्याचं काम, त्याचाच ज्याला पगार, तो त्यासाठी वेगळे मागतो तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या जागेवरून घसरलेला असतो. आणि देणाराही घसरतो हो.

कायदापण तेच सांगतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा, त्यात 2018 साली दुरुस्ती झाली आणि लाच देणं हा थेट गुन्हा झाला, मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणाऱ्यावर तो गुन्हा लागत नाही. नोटाच पाहिजेत असंही नाही, कसलाही अवाजवी लाभ त्यात येतो. हे 7 दिवसांचं आमच्या गावात मी कितीजणांना विचारलं, कोणालाच ठाऊक नव्हतं!

आता वडिलांच्या जागी आईचं नाव चढवायचंय, सोमवारी मी कचेरीत जाणार आहे. कोणी चहापाण्याचं बोललं तर तिथंच विचारणार, ही लाच का? कोकणीतपण विचारीन, लांच म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.